रुग्णालय चालवायला शिकताना : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात रुग्णालय प्रशासनाच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन केले होते. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून, काहींची तशी विनंती असल्यामुळे कोणाचेच नाव छापलेले नाही.

प्रश्न : मी बीएएमएस असून गेली काही वर्षे कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयात आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) म्हणून काम करते. रात्रपाळ्यांचा आता कंटाळा आला आहे. हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये एमडी करता येईल का? नसल्यास एमएचए (रुग्णालय प्रशासनातील पदव्युत्तर पदवी), एमबीए, एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) आणि वर्षभराची पदविका यांपैकी काय निवडावे?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : एमडीचा रस्ता आपल्यासाठी बंद आहे. हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनमधील एमडी ही दिल्लीच्या एम्समध्ये किंवा पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात मिळणारी पदवी एमबीबीएस झालेल्यांसाठीच असते. याच विषयातील डीएनबी या एमडीच्या समकक्ष पदवीचेही तसेच आहे. हे स्पष्ट लिहिण्याचे कारण असे की, ‘एमडीच्या तोडीचा कोर्स’ म्हणून भलतेच काही गळ्यात मारणारे लोक भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे.

बाकीचे चारही मार्ग आपल्याला मोकळे आहेत, पण ते एका ठिकाणी पोहोचत नाहीत. एमएचए या अभ्यासक्रमाचा रोख रुग्णालयाच्या चार भिंतींच्या आत असतो : ओपीडीची रचना, ओटीचे (शस्त्रक्रियागृहाचे) वेळापत्रक, स्टोअर, निर्जंतुकीकरण विभाग, वैद्यकीय नोंदी, गुणवत्ता. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही या पदवीसाठी महाराष्ट्रात सर्वांत आधी आठवणारी संस्था. हॉस्पिटल आणि हेल्थकेअर मॅनेजमेंटमधील एमबीएमध्ये वित्त, विपणन, मनुष्यबळ हे व्यवस्थापनाचे नेहमीचे विषय आधी आणि रुग्णालय नंतर, अशी साधारण मांडणी असते; त्यामुळे पुढे विमा कंपनी, टीपीए (विम्याचे दावे हाताळणारी मध्यस्थ कंपनी), औषध किंवा उपकरण कंपनी अशा वाटाही खुल्या राहतात. पुण्यात सिंबायोसिसच्या आरोग्यविज्ञान संस्थेत हा अभ्यासक्रम आहे, तर जयपूरची आयआयएचएमआर ही 1984 मध्ये स्थापन झालेली संस्था याच क्षेत्रासाठी ओळखली जाते. एमपीएच ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे रुग्णापेक्षा लोकसंख्येचा विचार होतो. साथरोगशास्त्र आणि जीवसांख्यिकी हे तिचे कणे आहेत. जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, राष्ट्रीय आरोग्य अभियान किंवा एखादी स्वयंसेवी संस्था येथे काम करण्याची इच्छा असेल तरच ती घ्यावी. एमपीएच करून खासगी रुग्णालयाच्या व्यवस्थापनात जागा शोधणारे बरेच जण भेटतात आणि त्यांना आपली पदवी समजावून सांगण्यातच मुलाखतीचा अर्धा वेळ घालवावा लागतो. नोकरी सोडणे शक्य नसेल, तर इग्नूची हॉस्पिटल आणि हेल्थ मॅनेजमेंटमधील पदव्युत्तर पदविका आहे. ती नोकरीत असलेल्या माणसाला बढतीसाठी उपयोगी पडते. नवी नोकरी मिळवून देण्याची तिची ताकद मर्यादित आहे.

संस्था निवडताना इमारत, वातानुकूलित वर्ग आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चे फलक यांकडे पाहू नये. विद्यार्थी इंटर्नशिपला कोणत्या रुग्णालयात जातात, तिथे त्यांच्यावर कोणाची देखरेख असते आणि त्यांना प्रत्यक्ष कोणते काम मिळते, हे मागील वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना फोन करून विचारावे. ‘चौकशीच्या काउंटरवर बसवले होते’ असे उत्तर आले, तर तो अभ्यासक्रम कितीही नावाजलेला असो, त्याचा अर्धा पैसा वाया गेला असे समजावे. उलट एखाद्या मध्यम दर्जाच्या संस्थेतील विद्यार्थ्याने महिनाभर बसून ओटी सकाळी उशिरा का सुरू होते याचा माग काढला असेल, तर ती संस्था माझ्या मते वरच्या यादीत जाते.

शेवटी आपल्या पत्रातील एका वाक्याविषयी. रात्रपाळीला कंटाळून या क्षेत्रात येत असाल, तर थोडे थांबून विचार करावा. नातेवाइकांचा जमाव आयसीयूच्या दारात आला, लिफ्ट बंद पडली, रक्तपेढीशी वाद झाला, की रात्री दोन वाजता फोन प्रशासकालाच जातो. फरक इतकाच, की आरएमओची पाळी सकाळी संपते.

प्रश्न : जीएनएम (परिचर्येची पदविका) करून नोकरीला लागले, नंतर पोस्ट बेसिक बीएस्सी केले. सध्या वॉर्ड इन्चार्ज आहे. एमबीए केले तरी डॉक्टरांच्या पुढे आम्हाला कोण विचारणार, असे सहकारी म्हणतात. खरे आहे का?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : अर्धे खरे आहे. मालक स्वतः डॉक्टर असलेल्या रुग्णालयात सर्वांत वरची खुर्ची बहुधा डॉक्टरकडेच राहते आणि ते लवकर बदलेल असे मला वाटत नाही. परंतु त्या खुर्चीच्या खाली जी कामे आहेत, म्हणजे ऑपरेशन्स, गुणवत्ता, संसर्ग नियंत्रण, परिचर्या विभागाचे प्रमुखपद, त्यांत वॉर्ड चालवलेल्या सिस्टरइतकी तयारी क्वचितच कोणाची असते. एनएबीएच या रुग्णालयांच्या गुणवत्ता-मानांकनाच्या मानकांची दहा प्रकरणे आहेत : पाच रुग्णसेवेविषयी आणि पाच संस्थेच्या कारभाराविषयी. त्यांतील औषध देताना होणाऱ्या चुका, रुग्ण पडण्याच्या घटना, पाळी बदलताना द्यायची माहिती, हातांची स्वच्छता हे सगळे आपण रोज करत आहात. फक्त ते मोजून, नोंदवून, महिन्याच्या बैठकीत मांडण्याची सवय आपल्याला कोणी लावलेली नाही. पदव्युत्तर शिक्षणातून मिळवायची ती हीच सवय.

एक उदाहरण घेऊ. समजा, वॉर्डात 50 खाटा आहेत. 30 दिवसांच्या महिन्यात 1500 खाटा-दिवस उपलब्ध झाले आणि त्यांपैकी 1200 दिवस खाटांवर रुग्ण होते. म्हणजे खाटांचा वापर 80 टक्के झाला. महिन्यात 300 रुग्णांना डिस्चार्ज मिळाला असेल, तर सरासरी मुक्काम चार दिवसांचा आणि एक रुग्ण गेल्यापासून दुसरा येईपर्यंत खाट रिकामी राहण्याचा काळ सरासरी एक दिवसाचा. आता सरासरी मुक्काम चारवरून साडेतीन दिवसांवर आला, तर त्याच 1200 खाटा-दिवसांत 342 रुग्ण बसतात. एकही नवी खाट न टाकता 42 रुग्ण अधिक. मात्र हा अर्धा दिवस कुठून काढायचा, हे गणित सांगत नाही. तपासणीचा संध्याकाळी येणारा अहवाल लवकर मिळवून काढायचा, की वरिष्ठ डॉक्टरांची दुपारची फेरी सकाळी घेऊन, की रुग्णाला खरोखर विश्रांतीची गरज असताना घाईने घरी पाठवून, हे वॉर्डात उभे राहिलेल्या माणसालाच कळते. तिसऱ्या मार्गाने काढलेला अर्धा दिवस आठवड्याभरात त्याच रुग्णाला पुन्हा दारात आणतो. व्यवस्थापनाचा विद्यार्थी आकडा आणतो आणि सिस्टर त्या आकड्यामागचे कारण आणते. ज्या व्यक्तीकडे दोन्ही आहेत, तिला विचारावेच लागते.

नेतृत्व या विषयाचेही तसेच आहे. अभ्यासक्रमात त्यावर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते, त्यात नेतृत्वाच्या शैली पाठ करून लिहिता येतात. आपण ते ड्युटीच्या रोस्टरवर शिकला आहात. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला निम्म्या मावशी आणि मामांना (आया आणि वॉर्डबॉय यांना) रजा हवी असते आणि नेमकी त्याच दिवशी कॅज्युअल्टीत गर्दी असते. गेल्या वर्षी कोणाला रजा मिळाली होती याची वही जिच्याकडे असते आणि त्या वहीवर सगळ्यांचा विश्वास असतो, तिला वेगळे अधिकारपत्र लागत नाही.

एक तांत्रिक बाब. एमबीएच्या प्रवेशासाठी किमान तीन वर्षांची पदवी लागते, केवळ जीएनएम चालत नाही. आपल्याकडे पोस्ट बेसिक बीएस्सी असल्याने अडचण येऊ नये, तरीही अर्ज भरण्यापूर्वी संबंधित संस्थेकडून पात्रतेची लेखी खात्री करून घ्यावी.

प्रश्न : मी बीकॉम असून रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर काम करतो. विज्ञान शाखा नसताना या क्षेत्रात पुढे जाता येईल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : येईल. एमबीएसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. राज्य सीईटी कक्षामार्फत होणाऱ्या प्रवेशासाठी पदवीला 50 टक्के, आणि महाराष्ट्रातील मागास प्रवर्गातील उमेदवारांना 45 टक्के गुण लागतात. वैद्यकीय शब्द वर्षभरात कानावर पडून बसतात. आपण बसता त्या काउंटरवर मात्र या अभ्यासक्रमाचा सर्वांत जिवंत भाग रोज घडत असतो, तिकडे विद्यार्थ्याच्या नजरेने पाहायला लागावे.

डॉक्टर सकाळी नऊला फेरीत ‘आज घरी जायचं’ असे सांगतात आणि विमा असलेला रुग्ण प्रत्यक्षात संध्याकाळी पाचला बाहेर पडतो. मधल्या वेळेत काय होते, ते एका फाइलच्या मागे फिरून लिहून काढावे. डिस्चार्ज समरी टाइप होऊन सहीसाठी ओटीच्या दाराशी थांबते. उरलेली औषधे फार्मसीत परत जातात आणि त्यांची वजावट होईपर्यंत बिल बंद होत नाही. इम्प्लांटचे स्टिकर फाइलला लावायचे राहून जाते. मग सगळे टीपीएकडे जाते आणि तिकडून क्वेरी येते. भारतीय विमा नियामकाने मे 2024 मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार कॅशलेस उपचारांची पूर्वमंजुरी एक तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावयाची आहे. परंतु ते तीन तास रुग्णालयाने कागद पाठवल्यानंतर सुरू होतात. त्यामुळे उशिरापैकी किती उशीर कंपनीचा आणि किती आपल्याच जिन्यात आणि टेबलांवर झाला, हे वेगळे काढून दाखवणारा माणूस प्रत्येक रुग्णालयाला हवा असतो. पन्नास फाइलींची अशी वेळवारी नोंद मुलाखतीत समोर ठेवली, तर पुस्तकी प्रश्न कमी विचारले जातील.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची फाइल हाताळत असाल, तर तोही अनुभव मोलाचा आहे. तिथे प्रत्येक उपचाराला ठरलेले पॅकेज असते, म्हणून रुग्णाचा प्रत्येक जादा दिवस रुग्णालयाच्या खिशातून जातो. खर्चलेखा हा विषय बीकॉमला आपण शिकला आहात. एका पॅकेजचा खरा खर्च किती येतो, याचा हिशेब मांडून पाहा. अनेक रुग्णालयांनी तो मांडलेलाच नसतो आणि तरीही ‘योजना परवडत नाही’ असे ती ठामपणे सांगतात.

प्रश्न : मुलीला एमबीए करायचे आहे. आम्ही शेतकरी. खर्चाचे काय?
— एक पालक, शाहूवाडी

उत्तर : प्रवेश कोणत्या प्रकारच्या संस्थेत आणि कोणत्या फेरीतून होतो, यावर जवळजवळ सगळे अवलंबून आहे. शैक्षणिक वर्ष 2024-25 पासून राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्याला, तसेच अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. खासगी नावाजलेल्या संस्थांपैकी बऱ्याच अभिमत असतात, हे लक्षात घ्यावे. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर ही कागदपत्रे उन्हाळ्यातच तहसीलमधून काढून ठेवावीत. निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते.

प्रश्न : अमेरिकेत हेल्थकेअर ॲडमिनिस्ट्रेशन किंवा लीडरशिपमध्ये मास्टर्स करण्याचा विचार आहे. त्या शिक्षणाचा येथे परत आल्यावर उपयोग होईल का?
— एक वाचक, ताराबाई पार्क, कोल्हापूर

उत्तर : या विषयाला तिथे जुनी परंपरा आहे. शिकागो विद्यापीठाने 1934 मध्ये रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. आज शेकडो विद्यापीठे या नावाने काही ना काही देतात, म्हणून सीएएचएमई या अधिस्वीकृती मंडळाची मान्यता अभ्यासक्रमाला आहे का, एवढे आधी पाहावे. ‘लीडरशिप’ असे नाव असलेले बरेच अभ्यासक्रम तेथील नोकरदार परिचारिका, डॉक्टर व विभागप्रमुख यांच्यासाठी, संध्याकाळी किंवा ऑनलाइन चालणारे असतात. पूर्णवेळ वर्ग नसेल, तर विद्यार्थी व्हिसाच मिळत नाही. दहा-पंधरा वर्षे काम केलेल्या माणसाला त्या चर्चांतून खूप मिळते. नुकताच पदवीधर झालेल्या मुलाने तिथे जाऊन काय चर्चा करायची, असा प्रश्न मला पडतो. आपली पदवी तीन वर्षांची असेल, तर अनेक विद्यापीठे ती तिथल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची मानत नाहीत, हेही तपासावे.

उपयोगाचे म्हणाल, तर तेथील कायदे, मेडिकेअर-मेडिकेड या तेथील सरकारी आरोग्यविमा योजनांचे नियम यांचा येथे काहीच उपयोग नाही. विचारपद्धतीचा आहे. मेडिकेअरने 1983 पासून रुग्णालयांना झालेल्या खर्चाप्रमाणे पैसे देणे सोडून निदानाच्या गटाप्रमाणे ठरावीक रक्कम देण्यास सुरुवात केली. त्यानंतर तेथील रुग्णालयांनी मुक्काम कसे कमी केले, कोणते रुग्ण टाळले, नोंदी कशा बदलल्या, हा सगळा इतिहास वर्गात शिकवला जातो. आपल्याकडच्या पॅकेज-योजनांत नेमके तेच प्रश्न आता उभे आहेत आणि तो अभ्यास करून आलेला माणूस येथे दोन पावले पुढचे पाहू शकतो. मात्र पदवीनंतर वर्षभराची जी प्रशासकीय फेलोशिप तेथे महत्त्वाची मानली जाते, ती देणारी अनेक रुग्णालये परदेशी विद्यार्थ्यांना व्हिसासाठी पाठबळ देत नाहीत. तेथेच नोकरी मिळेल आणि त्यातून कर्ज फिटेल, असे गृहीत धरून घर तारण ठेवू नये.

प्रश्न : आम्हा पती-पत्नीचे 25 खाटांचे रुग्णालय आहे. एमबीए झालेला व्यवस्थापक नेमावा, की मुलीलाच हे शिक्षण द्यावे?
— एक डॉक्टर, जयसिंगपूर

उत्तर : 25 खाटांना पूर्णवेळ पदवीधर प्रशासकाचा पगार सहसा पेलत नाही आणि तेवढ्या कामात त्याचे मनही रमत नाही. मुलीला आवड असेल तर अवश्य शिकवावे, परंतु शिक्षण संपताच घरच्या रुग्णालयात न आणता आधी तीन-चार वर्षे एखाद्या मोठ्या रुग्णालयात अनोळखी लोकांच्या हाताखाली काम करू द्यावे. आई-वडील मालक असलेल्या ठिकाणी तिच्या चुका तिला कोणीही सांगणार नाही.

तोवर आपल्याकडील एखाद्या विश्वासू, नेटक्या कर्मचाऱ्याला कामांचे कॅलेंडर सांभाळायला द्यावे. नर्सिंग होम नोंदणीचे नूतनीकरण, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे, सोनोग्राफी असल्यास गर्भवतीच्या तपासणीच्या नोंदीचा एफ फॉर्म, जैववैद्यकीय कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या वर्गवारीप्रमाणे वेगळा होऊन 48 तासांच्या आत जाणे, अग्निसुरक्षेचे बी प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत देणे, ही कामे तारखांवर चालतात. अग्निसुरक्षेला कागदी काम समजणाऱ्यांनी जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात दहा बालके दगावली, ते आठवावे. तारा, भार, एसी आणि बाहेर पडण्याची वाट हे दर सहा महिन्यांनी कोणीतरी हाताने तपासलेले असले पाहिजे.

आपण शिरोळ तालुक्यात आहात, म्हणून पुराविषयी थोडे अधिक लिहितो. कोणत्याही अभ्यासक्रमातील आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रकरणात हे तपशील सापडणार नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी जाहीर होते. आपल्या रुग्णालयाने हे दोन आकडे आपल्या कामांशी जोडून ठेवावेत. इशारा पातळीला जनरेटरचे डिझेल आणि ऑक्सिजनचे सिलिंडर भरून घ्यावेत, कारण 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता आणि पुरवठादाराकडे माल असूनही गाडी येण्याची वाट नव्हती. त्याच वेळी पुढील दहा दिवसांत प्रसूतीची तारीख असलेल्या आणि डायलिसिसवर असलेल्या रुग्णांची यादी काढून त्यांना फोन करावेत. धोका पातळीपूर्वी नदीपलीकडे राहणाऱ्या कर्मचाऱ्यांची मुक्कामाची सोय व्हावी आणि तळमजल्यावरील एक्स-रे यंत्र, औषधांचा साठा व जुन्या केस पेपरचे गठ्ठे वर जावेत. हा एक पानाचा आराखडा मे महिन्यात सर्वांसमोर वाचून दाखवावा, आणि जनरेटर त्या दिवशी खरोखर चालू करून पाहावा.

प्रश्न : शिक्षण मराठी माध्यमात झाले. इंग्रजीमुळे अडेल का?
— एक वाचक, राधानगरी

उत्तर : पहिले सत्र जड जाईल. सगळे अहवाल, मानके आणि विमा कंपन्यांचा पत्रव्यवहार इंग्रजीत असतो, त्यामुळे रोज एक पान लिहिण्याचा सराव आतापासून सुरू करावा. बोलण्यापेक्षा लिहिणे आधी सुधारावे. प्रवेश परीक्षेतील इंग्रजीच्या भागासाठी वेगळी शिकवणी लावण्याची गरज मला वाटत नाही, जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवल्या तरी पुरे. इंटर्नशिपमध्ये मात्र आपलीच बाजू वरचढ राहील. बिल ऐकून आवाज चढलेल्या नातेवाइकाला बाजूला बसवून, त्यातील एकेक ओळ राधानगरीच्या बोलीत समजावून सांगणारा प्रशिक्षणार्थी बिलिंग विभागाला पहिल्याच आठवड्यात हवाहवासा वाटतो.